केशरी दोऱ्यांची वाट

आमच्याकडे हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो पंधरा नोव्हेंबरला, आणि चौदा तारखेला जंगल बघायला निघतात ती गाढवं. हे माझं नाही, आर्वो हार्युलाचं म्हणणं. पेट्रोल पंपावर कॉफी घेता घेता तो हे कुणालाही तोंडावर ऐकवायचा, आणि ज्याला ऐकवायचा तो निमूट ऐकून घ्यायचा. कारण मोठ्या सरोवराच्या दक्षिणेला पसरलेल्या या जंगलात हरणांची टेहळणी आर्वोइतकी कुणालाच कळत नव्हती.

"जंगल बघायचं एप्रिलमध्ये," तो सांगायचा. "बर्फ वितळल्यावर, गवत उगवायच्या आत. आठ-दहा दिवस मिळतात. गेल्या नोव्हेंबरात हरणांनी केलेलं सगळं बर्फाखाली जसंच्या तसं राहिलेलं असतं. नराने शिंगं कुठल्या झाडाला घासली, जमीन कुठे उकरली, कुठल्या वाटेने गेला, कुठे बसला. मग ऑगस्टात लांबून बघायचं, रस्त्यावर गाडी उभी करून, दुर्बिणीतून. आणि सप्टेंबर संपला की घरी बसायचं! तुझ्या घाणेरड्या बुटांचा वास आठवडाभर जंगलात राहतो रे बाबा. हरणांना तुझ्या बायकोपेक्षा चांगलं नाक आहे."

लोक हसायचे. मग कुणीतरी हटकून विचारायचं, "आणि उत्तरेच्या दलदलीत काय आहे, आर्वो?"

"काही नाही," आर्वो म्हणायचा. "डास आहेत."

आणि कप खाली ठेवून उठायचा.

त्याच्या काही खोडी आम्हाला ठाऊक होत्या. दार तो दोनदाच वाजवायचा. सौनात, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीत, तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचं तर दोन डाव टाकायचा नाहीतर चार. तीन कधीच नाही. शिकारीच्या कॅम्पवरचा त्याचा जोडीदार रेनो त्याला त्यावरून चिडवायचा, "म्हाताऱ्याला तीन आकडा येत नाही, शाळेत त्या दिवशी आजारी होता." आर्वो हसायचा नाही. एकोणतीस वर्षांत बंदूकही त्याने हातात धरली नव्हती. हंगामात तो कॅम्पवर फक्त चूल सांभाळायचा, आणि पहिल्या दिवशी गोळीबार सुरू झाला की हातातलं काम थांबवून आवाज मोजत बसायचा. आम्हाला वाटायचं, वय झालं.

वय झालंच होतं, चौऱ्याहत्तर. पण ते कारण नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये, अंगणात अजून कमरेइतकं बर्फ असताना, सकाळी त्याचं दार वाजलं. ठक, ठक, ठक. आर्वोच्या हातातला कप खाली पडून फुटला.

दारात काइया होती, ताउनो लेहतोची मुलगी. चौतीस वर्षांची, शाळेची बस चालवते, आवाजात जरब आहे. बाप गेला तेव्हा ही पाच वर्षांची होती. गेला म्हणजे, गावाच्या हिशेबी पळाला. त्या वर्षी तांब्याची खाण बंद पडली होती, माणसं पश्चिमेकडच्या खाणींत कामाला चालली होती, आणि ताउनोही तशी भाषा करत होता. शिकारीच्या पहिल्या दिवशी तो कॅम्पवरून बाहेर पडला तो परतलाच नाही. चार दिवस लोकांनी बर्फात शोधलं. मग एका ट्रकवाल्याने सांगितलं की केशरी टोपीवाल्या एका माणसाला आपण हमरस्त्यावरून उचललं होतं. त्या दिवसांत इथे केशरी टोपी कोण घालत नाही? पण गावाला तेवढं पुरे झालं. ताउनोची बायको सायमी हिला तेव्हापासून सगळे 'ती टाकलेली' म्हणून ओळखतात.

"आर्वोकाका, मला टेहळणी शिकवा," काइया बूट झटकत म्हणाली. "आणि हे बघा." तिने टेबलावर आकाशातून काढलेला फोटो पसरला. "उत्तरेची दलदल. लाकूडवाल्यांनी वरच्या अंगाने नवा रस्ता काढलाय. मध्ये हा उंचवटा दिसतोय, हेमलॉकची झाडं आहेत. हरणं इथेच बसत असणार. लोक वेडे आहेत, कुणी जातच नाही."

आर्वो फुटक्या कपाचे तुकडे गोळा करत होता.

"तिकडे काही नाही, पोरी."

"तुम्ही गेलाय का कधी?"

"गेलोय."

"मग चला ना. नाही आलात तर मी एकटी जाईन. मी काय माझ्या बापासारखी पळपुटी नाही, हातात घेतलेलं सोडायला."

हे तिचं नेहमीचं. बापाला शिवी दिल्याशिवाय तिचं बोलणं पुरं होत नसे. आईकडून शिकली होती. आणि दर वेळी आर्वो ते ऐकून घ्यायचा, मान खाली घालून, एकोणतीस वर्षं. आतून त्याच्या जिवाचं काय होत असेल याची आम्हाला कल्पना नव्हती.

आता जे आम्हाला नंतर कळलं ते सांगतो.

आमच्या कॅम्पची रीत अशी की एप्रिलमध्ये ज्याला जे सापडेल ते त्याने टेबलावर सांगायचं, नकाशावर पेन्सिलीने खूण करायची, आणि नोव्हेंबरात चिठ्ठ्या टाकून जागा वाटायच्या. खाण बंद पडली त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आर्वोला दलदलीतला तो उंचवटा सापडला. मांडीएवढ्या जाडीचं सीडरचं झाड, आणि नराने शिंगं घासून त्याची साल छातीपर्यंत उतरवलेली. असा नर जन्मात एकदा दिसतो. आर्वोने नकाशावर खूण केली नाही. गप्प राहिला. स्वतःला वाट सापडावी म्हणून त्याने झाडांना दोऱ्या बांधल्या. बाकीचे प्लॅस्टिकच्या फिती लावतात. आर्वोचा बाप सरोवरात मासे पकडायचा, म्हणून त्याच्याकडे जाळ्याची नायलॉनची दोरी असायची, केशरी रंगवलेली, आणि गाठही बापाची. दोन वेढे, आणि टोक उलटं आत खोचलेलं. ती गाठ जिल्ह्यात दुसरं कुणी मारत नाही.

ताउनो त्याचा जिवलग. लहानपणापासून एका ताटात जेवलेले. त्याला सुगावा लागलाच. "एप्रिलमध्ये तू चारदा उत्तरेला गेलास," तो हसत म्हणाला. "कुणी बाई ठेवलीस की काय दलदलीत?" आर्वोने उडवून लावलं, पण मनात पाल चुकचुकली. आणि ऑक्टोबरात, जेव्हा जंगलात पाऊल टाकू नये असं तो जगाला सांगतो, तेव्हा त्याने जाऊन खऱ्या वाटेच्या दोऱ्या सोडल्या आणि दुसरीकडे बांधल्या. वायव्येला. बीव्हरांनी बांध घालून तुंबवलेल्या पाण्याकडे, जिथून पुढे काहीच नाही. ताउनोने अर्धा दिवस चिखल तुडवावा, संध्याकाळी शिव्या देत परत यावं, आणि सगळ्यांनी हसावं. एवढंच. अशा खोड्या सगळेच करतात, मीही केल्या आहेत.

हंगामाच्या आदल्या दिवशी नेम जुळवताना ताउनोची गोळी फळीलाही लागली नाही. नेम चुकला की शर्टाची मागची कड कापायची, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि ती भिंतीवर ठोकायची, ही आमची जुनी गंमत. ताउनोची कड आर्वोनेच कापली. लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट होता, सायमीने घेतलेला. ताउनो ओरडत होता, "अरे नवा आहे, बायको मला घरात घेणार नाही!"

दुसऱ्या दिवशी आर्वो पहाटेच उंचवट्यावर जाऊन बसला. दहाच्या सुमाराला सरोवराकडून बर्फ आलं, समोरचं झाड दिसेना असं. आणि दुपारी, वायव्येकडून, त्याने तीन गोळ्या ऐकल्या. एक. मग थांबून दुसरी. मग तेवढंच थांबून तिसरी.

आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल त्याचा अर्थ काय. मी हरवलोय, या.

त्याच वेळी खालच्या झुडपात काहीतरी हललं होतं. शिंगं दिसल्यासारखी वाटली होती. आर्वोने स्वतःला सांगितलं, कुणीतरी हरणावर गोळ्या झाडतोय. आणि तो बसून राहिला. नर आला नाही. अंधार पडायच्या आत तो कसाबसा कॅम्पवर पोचला, आणि ताउनोचा बिछाना रिकामा होता.

त्या रात्री सांगितलं असतं तर? दुसऱ्या सकाळी तरी? सकाळी शोधणारे जमायच्या आत आर्वो दलदलीच्या तोंडाशी गेला आणि त्याने पहिल्या सात दोऱ्या कापून खिशात घातल्या. पुढे जायची छाती झाली नाही. शोधणारे पूर्वेला गेले, कारण ताउनोच्या चिठ्ठीत पूर्वेची जागा आली होती. आर्वो मूग गिळून त्यांच्याबरोबर चालत राहिला, हाका मारत राहिला. मग तीन फूट बर्फ पडलं, मग ट्रकवाला बोलला, आणि मग न सांगण्याला एक दिवस झाला, एक महिना झाला, वर्षं झाली. बायको हेल्मी गेली, तिलाही सांगितलं नाही.

दर एप्रिलमध्ये तो जायचा. आम्ही म्हणायचो, काय टेहळणी करतो हा माणूस, या वयात! तो दलदलीच्या काठाकाठाने चालायचा. सुतारपक्षी टोचायला लागला की थबकायचा. गेल्या वर्षीचं मेपलचं पान फांदीला अडकलेलं दिसलं की ते त्याला केशरी दिसायचं. कधी मागून कुणी खाकरायचं, ताउनो खाकरायचा तसं, आणि तो वळून बघायचा नाही. आत, दोऱ्यांच्या त्या वाटेवर, त्याने एकदाही पाऊल टाकलं नाही. ताउनो सापडला असता तर दोऱ्याही सापडल्या असत्या.

एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात काइया त्याला न्यायला आली. तिला एकटी जाऊ देणं त्याच्याने झालं नाही. आणि आपण बरोबर असलो तर तिला दुसरीकडे वळवू, असंही त्याच्या मनात होतं. तो तसं कबूल करतो.

नव्या रस्त्यावर गाडी लावली आणि ते वरच्या अंगाने आत शिरले. पायाखाली शेवाळ, त्याखाली गार पाणी. काइयाला बघून आर्वोला राहवेना, शिकवायची सवय जुनी.

"ही वाट बघ. खुरांनी खोल गेलीय, म्हणजे पिढ्यान्पिढ्यांची. लेंड्या बघू नकोस, लेंड्या कुठेही असतात. साल कुठल्या अंगाने सोललीय ते बघ. नर त्या अंगाने आला. आता जिथे वळायचं तिथे खूण बांध."

तिच्याकडे फितीचं भेंडोळं होतं. तिने साधी गाठ मारली.

"ही दोन वाऱ्यांत सुटेल," आर्वो म्हणाला, आणि नकळत त्याची बोटं चालली. "अशी. दोन वेढे. टोक उलटं आत."

काइयाने तीनदा बांधून बघितली. चौथ्यांदा जमली. "भारी आहे हो," ती म्हणाली. "कुणी शिकवली?"

"बापाने."

"नशीबवान आहात," काइया म्हणाली. "माझ्याने मला बूट बांधायलाही शिकवलं नाही."

आर्वो म्हणाला, "डावीकडे जाऊ. इकडे पाणी लागेल."

"पण हरणांची वाट इकडे जातेय. तुम्हीच म्हणालात, वाटेचं ऐकायचं." आणि ती सरळ गेली. ती चांगली शिकली होती, हीच पंचाईत.

शंभरेक पावलांवर ती थांबली. सीडरच्या एका खोडाशी वाकून नखाने काहीतरी खरवडत राहिली. दोरीवर साल चढली होती, पण गाठ बाहेर होती. रंग उडालेला, तरी साल बाजूला केल्यावर आतून केशरी निघाला.

आर्वो जागच्या जागी उभा राहिला. पळावंसं वाटलं, पण पाय घोट्यापर्यंत शेवाळात रुतले होते.

काइयाने गाठीवरून बोट फिरवलं. दोन वेढे. टोक उलटं आत. मग ती वळली.

"काका, ही तुमची गाठ आहे."

"हो."

"तुम्ही म्हणालात तिकडे काही नाही. मग खुणा कशाला बांधल्यात?"

एकोणतीस वर्षं त्याने या प्रश्नाची उत्तरं तयार केली होती. दहा तरी होती. त्यातलं एकही आठवेना. "तुझ्या बापासाठी," तो म्हणाला, आणि मग दलदलीत उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. उंचवटा, दोऱ्या, बर्फ. गोळ्यांचं मात्र सांगितलं नाही. तेवढं तोंडातून निघेना.

काइया रडली नाही, ओरडली नाही. बसमध्ये दंगा करणाऱ्या पोराला सांगावं तशी म्हणाली, "पुढे व्हा. शेवटच्या दोरीपर्यंत."

"काइया..."

"पुढे व्हा म्हणते ना!"

तो पुढे झाला. पुढच्या झाडाला दोरी होती. त्याच्या पुढच्यालाही. काही झाडं पडली होती, पण हाताला सवय होती, एकेक दोरी त्याला सापडत गेली, जणू कालच बांधली होती. शेवटच्या, अठराव्या दोरीपाशी पाणी लागलं. मेलेली पांढरी झाडं पाण्यात उभी होती.

"इथून माणूस कुठे जाईल?" काइयाने विचारलं. "बर्फ पडतंय, काही दिसत नाही. सांगा. तुम्हाला सगळं कळतं ना जंगलातलं?"

आर्वोला कळत होतं. त्या क्षणी त्याला लख्ख कळलं, आणि दर एप्रिलला कळलं असतं, जर तो इथवर आला असता. दमलेला माणूस हरणाच्या वाटेने जातो, कारण हरीण सोप्या जागेने जातं. आणि हरीण थंडीवाऱ्यात जिथे बसतं तिथेच तो बसतो. पाण्याच्या कडेने एक वाट उजवीकडे गेली होती. दोनशे पावलांवर जमीन जराशी उंच झाली. दाट सीडरची झाडं, खाली कोरडी जागा, हरणांच्या बसण्याने दबलेली.

बंदूक झाडाला टेकून उभी होती. झाड वाढताना नळी सालीत गेली होती. बुंध्याशी, शेवाळाखालून, लाल-काळ्या चौकडीचं लोकरीचं कापड दिसत होतं.

काइया गुडघ्यांवर बसली. बराच वेळ तिने कशालाच हात लावला नाही. मग शेवाळात तिच्या बोटांना काहीतरी लागलं. पितळी पुंगळी. दुसरी. तिसरी. ती एकेक वेचून तळव्यावर ठेवत गेली. नऊ निघाल्या.

"तीन, तीन आणि तीन," ती म्हणाली. तिचा आवाज आता बदलला होता. "माझ्या बापाने तीनदा हाक मारली. काका, तुम्ही त्या उंचवट्यावर होतात ना? इथून किती लांब आहे तो?"

"अर्धा मैल."

"ऐकू आलं होतं?"

आर्वोने होकाराची मान हलवली. तिला ते पुरेसं नव्हतं.

"पहिल्या तीन ऐकल्या," तो म्हणाला. "मग बर्फ दाट झालं. मला वाटलं... नाही. काही वाटलं नाही. मला ऐकू आलं होतं."

शेरीफची माणसं आली, फोटो काढले, हाडं नेली. ताउनोने पिशवीत नेलेला थर्मास, सुरी, लग्नाची अंगठी, सगळं मिळालं. आर्वोने त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, खोटी खूण बांधली म्हणून आता, इतक्या वर्षांनी, कुठलं कलम लावायचं? घरी जा. त्याला धरून नेलं असतं तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला.

मे महिन्यात शर्टाचं कापड सायमीच्या हाती दिलं गेलं. त्या दिवशी आर्वो कॅम्पवर गेला, भिंतीवरून ताउनोची कड काढली आणि ती घेऊन सायमीच्या घरी आला. दार दोनदा वाजवलं. मग थोडं थांबून तिसऱ्यांदा.

आता, आमच्या घरांचं एक आहे. दारात कुणीही येवो, पाहुणा, पाद्री, भांडखोर शेजारी, आधी कॉफी ओततात आणि मग बोलतात. माझ्या आजीने तिचं कुंपण तोडणाऱ्याला आधी दोन कप कॉफी पाजली होती आणि मग काठी उचलली होती. कॉफीशिवाय कुणी परत गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

सायमीने त्याच्या हातून ती कड घेतली. काइया टेबलाशी बसली होती, आणि टेबलावर शर्टाचं जे काही उरलं होतं ते पसरलेलं होतं. तिने कड त्याला लावून बघितली. चौकडीला चौकडी जुळली. एक तुकडा चिखलाने काळा पडलेला, दुसरा भिंतीवर धुराने पिवळा झालेला, पण कात्रीची रेघ तीच. कडेवर आर्वोच्याच अक्षरात साल लिहिलं होतं, आणि 'ताउनो, नेमबाज'.

"बायको घरात घेणार नाही म्हणाला होता," आर्वो म्हणाला. "शर्ट नवा होता म्हणून."

सायमी कितीतरी वेळ त्या रेघेवरून हात फिरवत होती. "रोज सकाळी उठून मी त्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "एकोणतीस वर्षं. पोरीलाही घालायला शिकवल्या. आणि तो तिथे बसून तुला हाका मारत होता. मी चुकीच्या माणसाला शिव्या देतेय हे तुला माहीत होतं, आर्वो. या टेबलाशी बसून तू ऐकल्यास. माझ्या हातचा निसू पाव खात खात ऐकल्यास."

ती उठली. चुलीवरचं भांडं घेतलं. कपाटाच्या अगदी मागून तिने एक कप काढला, निळा, कान तुटलेला, धुळीने माखलेला. तो तिने अंगातल्या झग्याला घासून पुसला. तिने तीन कप भरले. एक काइयापुढे ठेवला, एक स्वतःच्या जागी, आणि निळा त्या शर्टाजवळ, टेबलाच्या टोकाला, जिथे ताउनो बसायचा. वेलदोड्याचा पाव कापला. मग दोघी मायलेकी बसल्या आणि पिऊ लागल्या.

आर्वो टोपी हातात धरून दाराशी उभा होता. निळ्या कपातून वाफ येत होती. ती कॉफी निवेपर्यंत तो उभा राहिला, आणि मग आपणच दार उघडून बाहेर पडला.